खंडेनवमीला बंद केलेली भट्टी

अगं, ये इकडे, जवळ बस माझ्या. आणि ट्रॉलीच्या चाकाला ‘नुसतं प्लास्टिक’ म्हणालीस ना, ते परत म्हणायचं नाही! निघोज्याच्या वर्कशॉपमध्ये मी ही रबरासारख्या पॉलियुरेथेनची चाकं ओतते. त्याच्या आत रेणूंच्या मऊ, लवचिक साखळ्या असतात आणि मधेमधे कडक भाग. ओतलेलं चाक भट्टीत बराच वेळ शेकलं, की ते कडक भाग एकमेकांजवळ जमतात. तेव्हा कुठे चाक ओझं पेलतं.

नवी होते तेव्हा मला हे कुठलं ठाऊक! खंडेनवमीला सगळी मशिनं बंद करून पुजतात, म्हणून मी भट्टीही बंद केली आणि झेंडूची माळ घातली. आत एका कंपनीच्या पहिल्याच ऑर्डरची चाकं अर्धवट शेकलेली होती. दसऱ्यानंतर एक चाक वजनाखाली दाबलं, तर ते चपटं झालं ते तसंच राहिलं. ऑर्डर गेली असती तर माझं कामही गेलं असतं.

सुपरवायझर हसायलाच लागला. “मावशी, देवाला कच्चाच नैवेद्य दाखवला व्हय?”

“आता फेकायची का रे सगळी?”

“फेकता कशाला? परत शेका. लई उशीर झाला न्हाई, आतलं अजून जमंल.”

मग काय, मी भट्टीसमोर ठाण मांडलं, बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी चाक दाबलं आणि सोडलं, तर टुणकन पहिल्यासारखं गोल! ऑर्डर गाडीत चढली, मी पेढे वाटले.

खोटं वाटतंय ना? आपल्या थेरगावाहून निघोजे काही लांब नाही. याच आठवड्यात ये, आणि चाक स्वतःच्या हातानं दाबून बघ.