शेजारच्या सीटवरची नोकरी

मास्तरांचा सगळा जन्म शेजारच्या सीटवर गेला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत स्टीअरिंगला शिकणारा बसतो आणि शेजारी मास्तर. मास्तरांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा एक जादा ब्रेक. त्या ब्रेकच्या जिवावर त्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती. दुकानदार, नर्स, नव्या सुना, पेन्शनीत निघालेले साहेब, सगळ्यांनी त्यांची बोलणी खाल्ली होती. स्वभावाने मात्र माणूस भित्रा. "आमच्या ह्यांना झुरळ दिसलं तरी ते आधी ब्रेक दाबतात," असं बायको म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. स्वयंपाकघरात भांडं पडलं की मास्तरांचा पाय बसल्या जागी फरशीवर दाबला जायचा.

अशा माणसाला शहरातल्या बड्या कंत्राटदारांनी नोकरीला बोलावलं.

निरोप घेऊन आला मेहुणा. बायकोचा हा धाकटा भाऊ कंत्राटदारांच्या ऑफिसात बिलं बघायचा. चपला दारात कशाबशा काढून तो थेट आत येऊन बसला.

"भावजी, नशीब उघडलं तुमचं. साहेबांना गाडीवर विश्वासाचा माणूस हवाय. पगार दुप्पट. आणि काम काय, तर बसायचं."

"बसायचं म्हणजे?"

"गाडी साहेब स्वतःच चालवतात, त्यांना हौस आहे. तुम्ही नुसतं शेजारी बसायचं. साहेब स्वतः म्हणाले, मास्तरांना सवय आहे."

मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला. आधीच्या ड्रायव्हरचं काय झालं ते सगळ्या शहराला ठाऊक होतं. बाजाराच्या चौकात साहेबांच्या गाडीने एका हमालाला उडवलं होतं, आणि तो जागच्या जागी गेला. स्टीअरिंगवर कोण होतं ते चौकातल्या दुकानदारांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पोलिसांनी विचारलं तेव्हा सगळे एकमुखाने म्हणाले, ड्रायव्हर होता. ड्रायव्हरसुद्धा तेच म्हणाला. आता तो तुरुंगात होता आणि शेजारची सीट रिकामी होती.

"तिथे नुसतं बसायचं नसतं रे," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "वेळ आली की जागा बदलायची असते."

"ताई, तू लगेच वाकड्यात शिरतेस. त्याच्या बायकोला साहेबांनी पक्कं घर बांधून दिलंय."

"हो ना. आणि तो राहतो सरकारी घरात."

मेहुणा उठला. जाताना दारात मात्र आवाज उतरवून म्हणाला, "नाही म्हणायचं असेल तर जरा गोड बोलून म्हणा, भावजी. माझी भाकरी तिथेच आहे."

पुढचे काही दिवस मास्तरांना अन्न गोड लागलं नाही. गल्लीत मोठी गाडी शिरली की ते खिडकीपासून बाजूला व्हायचे. एकदा तर शिकणाऱ्या नर्सबाईंनी गाडी फुटपाथवर चढवली तरी यांचं लक्ष नाही. "मास्तर, आज ओरडला नाहीत, बरं वाटत नाही का?" असं त्यांनीच विचारलं.

नकार कसा द्यायचा यावर नवरा-बायकोची रोज खलबतं चालायची.

"तब्येतीचं सांगा."

"ते डॉक्टर लावतील मागे."

"मग स्कूलवाले सोडत नाहीत म्हणा."

"त्यांनी एक फोन केला तर स्कूलवाले मला आजच्या आज सोडतील. वर गाडीसुद्धा देतील."

"मग खरं काय ते सांगा."

खरं सांगायचं म्हणजे साहेबांच्या तोंडावर म्हणायचं की तुम्ही माणूस मारलात आणि पुढच्या वेळी मी आत जाणार नाही. असं बोललेला माणूस त्या शहरात अजून कुणी पाहिला नव्हता.

शेवटी बोलावणंच आलं.

कंत्राटदारांचं ऑफिस सिमेंटच्या गोदामावर होतं. काचेची केबिन, टेबलावर टेबलापेक्षा मोठी काच, आणि पलीकडे शांत चेहऱ्याचे साहेब. ते ओरडले असते तर मास्तरांना सोपं गेलं असतं. ओरडण्याची त्यांना सवय होती, निदान स्वतः ओरडण्याची. पण साहेब उठून उभे राहिले, "या मास्तर, बसा," म्हणाले, आणि मास्तर खुर्चीच्या टोकाशी टेकले.

"साहेब, आपण आठवण ठेवलीत हा माझा मान आहे," मास्तरांनी पाठ केलेलं सुरू केलं. "पण माझं जरा असं आहे की…"

"बोलू की. मला साइटवर जायचंय, वाटेत बोलू."

खाली गाडी उभी होती. जुनी, वजनदार, रणगाड्यासारखी. मास्तर निमूटपणे शेजारच्या सीटवर बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा पाय ब्रेक शोधू लागला. तिथे नुसती चटई होती.

साहेबांनी गाडी काढली ती थेट तिसऱ्या गिअरात असल्यासारखी. वस्तीतला अरुंद रस्ता, दोन्हीकडे ओटे, आणि साहेब एका हाताने चालवत दुसऱ्याने चष्मा पुसत होते. मास्तरांचा पाय चटईवर दाबला जात होता. वळण आलं, दाबला. गतिरोधक आला, दाबला. तळव्याला कळ लागली.

"घाबरता का?" साहेबांनी हसून विचारलं, आणि उत्तर ऐकायला मान वळवली.

पुढे एक म्हातारा सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. साहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं.

पुढचं मास्तरांनी ठरवून केलं नाही. त्यांच्या हाताने मधला हँडब्रेक खस्सकन वर ओढला, दुसऱ्या हाताने स्टीअरिंग धरलं, आणि तोंडातून नेहमीचंच बाहेर पडलं, "समोर बघा हो, समोर! माणूस दिसत नाही का?"

गाडी तिरकी होऊन बंद पडली. साहेबांचा चष्मा पायाशी पडला. म्हाताऱ्याने एकदा गाडीकडे पाहिलं, सायकल सावरली आणि मुकाट्याने निघून गेला.

मास्तरांना वाटलं, आता संपलं. साहेबांनी वाकून चष्मा उचलला, काच तपासली, डोळ्यांवर चढवला.

"माफ करा साहेब," मास्तर म्हणाले. "मी हेच सांगायला आलो होतो. आपल्याला शेजारी शांत बसणारा माणूस हवाय. माझ्याच्याने बसवत नाही. इतकी वर्षं झाली, हात-पाय माझं ऐकत नाहीत. आपल्या कामाला मी चालायचो नाही."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि त्यात साहेबांना लागेल असं काही नव्हतं. घरी इतकी डोकेफोड करून जे सुचलं नाही ते आपोआप तोंडात आलं होतं. साहेबांनी हँडब्रेक खाली केला.

"खरं आहे," ते म्हणाले. "तुमचा उपयोग नाही."

मास्तरांना सुटकेने रडू यायचं बाकी राहिलं. त्यांनी दार उघडलं आणि एक पाय रस्त्यावर टेकवला. तेवढ्यात साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचा मेहुणा आमच्याकडे आहे ना? त्याला तुम्हीच शिकवलंत म्हणे. कसा आहे गाडीत?"

हा प्रश्न मास्तरांना रोज कुणी ना कुणी विचारायचं. मुलीचा बाप विचारायचा, सुनेची सासू विचारायची. आणि मास्तरांचं उत्तर ठरलेलं असायचं. समोरच्याला बरं वाटावं आणि शिकणाऱ्याची लाज राहावी. सुटल्याच्या आनंदात ते त्याच आवाजात बोलून गेले.

"चांगला आहे हो. अगदी शांत. शेजारी कोण काय करतंय, कध्धी लक्ष देत नाही."

"शांत आहे," साहेब म्हणाले. "बरं."

गाडी निघून गेली. धूळ खाली बसली तेव्हा मास्तरांना आपण काय बोललो ते कळलं.

ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मेहुण्याला फोन लावला, पण घामाने बोट घसरून दुसराच कुणीतरी लागला. पुन्हा लावला तर मेहुण्याचा फोन व्यस्त. आणखी थोड्या वेळाने त्याचाच आला.

"भावजी." आवाज ओळखू येत नव्हता. "साहेबांचा फोन होता. उद्यापासून गाडीवर ये म्हणाले. बिलं दुसरा बघेल म्हणाले."

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? हो साहेब, असंच निघालं तोंडातून." मग त्याने घाईने विचारलं, "तुम्ही नाही म्हणालात ना? तरी सोडलं ना तुम्हाला? भावजी, नाही कसं म्हणायचं असतं?"

तूच म्हणत होतास ना मला, पगार दुप्पट आहे, नुसतं बसायचंय, असं बोलायचा हक्क मास्तरांना होता. पण बोलायला तोंडच उरलं नव्हतं. घर एका बाजूला होतं, सिमेंटचं गोदाम दुसऱ्या.

"ऑफिसातच थांब," ते म्हणाले. "कुठे सही करू नकोस, कुणाला काही बोलू नकोस. साहेबांच्या कामाला तू चालणार नाहीस, हे शिकवणाऱ्यानेच जाऊन सांगायला हवं. मी येतोय."

आणि भिंतीचा आधार घेत उठून मास्तर गोदामाच्या दिशेने चालू लागले.