गाण्यांची वाहतूक

ज्याने जन्मभर एकच धंदा केला आणि तो धंदा नेमका कोणता, हे शेवटपर्यंत कोणालाही, अगदी घरमालकालासुद्धा, समजावून सांगता आलं नाही, असा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच येऊन गेला, आणि तो आमच्या लवळ्यातल्या घराच्या माडीवर भाड्याने राहत होता. साहेब होता, खास इंग्लंडचा. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, उंची आमच्या दाराच्या चौकटीपेक्षा चार बोटं जास्त, त्यामुळे कपाळावर कायम एक ताजं टेंगूळ. टेकडीवरच्या विद्यापीठात पोरांना सहा महिने गाणी शिकवायला आला आणि दीड वर्ष राहिला. तिथली एसीची खोली त्याने नाकारली होती. का, तर म्हणे खिडकी उघडत नाही आणि पहाटे कोंबडा ऐकू येत नाही. आमच्याकडे कोंबडे तीन, आणि तिघांचंही घड्याळ वेगळं. साहेबाने लगेच पेटी वर चढवली. त्याचं नाव मी इथे मुद्दाम घेत नाही. ते एका ठरावीक जागीच यायला हवं, आणि ती जागा अजून लांब आहे.

परदेशी भाडेकरू म्हटला की चौकीत कागद द्यावे लागतात. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, त्यातही इंग्रजीचा, तेव्हा दुभाष्या मीच. हवालदाराने विचारलं, "धंदा?" मी ऐटीत म्हटलं, "गायक." साहेबाने जोरजोरात मान हलवली. गायक म्हणजे ज्यांचा आवाज चांगला असतो ते, आपण त्यातले नाही. मग कवी लिहा म्हटलं, तर कवीही नको, कवी छापतात. "बरं, लग्नाच्या सुपाऱ्या घेतात का?" नाही. "पिक्चरला गाणी दिलीत?" नाही. "मग मास्तर, हे खातात काय?" हा प्रश्न जमेल तितका सभ्य करून मी इंग्रजीत घातला. साहेबाने बराच वेळ छताकडे बघितलं आणि सांगितलं की तो गाणी वाहून नेतो. म्हाताऱ्या माणसांकडून उचलायची, पुढच्यांच्या हाती द्यायची, वाटेत एखादं आपल्या पदरचं त्यात टाकायचं, आणि कोणतं आपलं ते कोणाला कळू द्यायचं नाही. हवालदाराचा चेहरा उजळला. त्याने रकान्यात लिहिलं, 'वाहतूक'. मी तिथेच भांडायला उठलो होतो, पण साहेबाला त्याचा अर्थ सांगितला तर तो इतका खूश झाला की हवालदाराशी दोनदा हात मिळवून आला. तिथून माझ्या डोक्यातला गोंधळ जो सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही.

दिवसा तो तिकडे आपल्या गावी पोस्टमन होता म्हणे, तीस वर्षं. संध्याकाळी एका गुत्त्याच्या माडीवर पंधरा-वीस माणसं जमवून गायचा. रेकॉर्डी दोन निघाल्या, त्यातली दुसरी बहुतेक त्याच्या बहिणीनेच घेतली. सूसच्या सोसायटीत राहणाऱ्या माझ्या जावयाने एकदा त्याला विचारलं, "सर, फॉलोअर्स किती आहेत तुम्हाला?" साहेब म्हणाला, "दोन. पण त्यातला एक पाऊस असला की येत नाही." जावयाने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. आता याला यश म्हणायचं की अपयश? तो तर असा सांगायचा, जणू दोन्ही रेकॉर्डींनी सातासमुद्रापार झेंडे लावलेत. मी मास्तर माणूस, मला मार्क दिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि या माणसाला किती मार्क द्यायचे तेच कळेना.

गाण्यांचं तर विचारूच नका. आमच्या भजनातल्या पेटीचं पिल्लू वाटावं असं एक सहा कोनांचं वाद्य होतं त्याच्याकडे, दोन्ही हातांनी ताणायचं आणि दाबायचं. ते घेऊन तो संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचा, आमची ही वालाच्या शेंगा सोलायची आणि मी अर्थ सांगायचो. प्रत्येक गाण्यात कोणीतरी मरायचंच. कोणी बुडून, कोणी फासावर, कोणी नुसतंच वाट बघून. फार तर तिसऱ्या कडव्यापर्यंत धीर धरायचा. हिला त्याची इतकी सवय झाली की शेंगांवरून नजर न उचलता विचारायची, "मेली का न्हाई अजून?" एकदा गाण्यातली पोरगी जिवंत राहिली, चक्क लग्न करून सुखाने नांदली. ही म्हणाली, "पुढचं इसरला आसंल बिचारा."

बरं, गाताना त्याचा एक हात कानावर असायचा. तळवा कानामागे, डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या. पहिल्याच आठवड्यात हिने निदान केलं, "अवो, त्येचा कान दुखतोय. कवाधरनं सोसतोय, बोलत न्हाई." आणि लसूण घालून कडवलेलं तेल कोमट करून तिने त्याच्या कानात सोडलं. साहेब हूं की चूं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कानावर हात, पुन्हा तेल. महिनाभर हे चाललं. गाण्याआधी तो स्वतःहून मान वाकडी करून हिच्यासमोर बसायला लागला, तेव्हा मी न राहवून विचारलं. तर गाण्याआधी कानात तेल घालणं हा या भागातला गवयाचा मान असावा, अशी त्याची समजूत! आमच्या भजनी मंडळाचे बुवा त्या वेळी तिथेच होते. जमीन विकून मोठी गाडी घेतलेले आणि त्या गाडीच्या डिकीत पखवाज घेऊन फिरणारे असे ते बुवा. ते म्हणाले, "गुर्जी, आमचा आज्जा बी असाच कानावर हात ठिवून गायाचा. सोताचा आवाज सोताला ऐकू यावा म्हनून. दुखतोय कसला, डोंबल!" तेल मात्र पुढेही चालू राहिलं, कारण दोघांनाही ते सोडवेना.

मराठी तो हिच्याकडून शिकला, त्यामुळे सहा फुटांचा हा गोरा गडी सकाळी दारात उभा राहून मला सांगायचा, "गुरुजी, मी जाते." मी शंभर वेळा सुधारलं. तो म्हणायचा, "व्हय," आणि पुन्हा जायची.

पण एक गाणं निराळं होतं, आणि आता जरा नीट ऐका. त्या गाण्यात एक मेंढपाळ धुक्याच्या संध्याकाळी मेंढरं मोजत मोजत वाड्यात घेतो. एकूण एक मोजतो, एकही विसरत नाही, दार लावतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण स्वतः बाहेरच राहिलो. बस, एवढंच. ते ऐकलं त्या दिवशी हिने "मेला का" म्हणून विचारलं नाही. मी म्हटलं, "हे जुनं दिसतंय." तो म्हणाला, "सगळे हेच म्हणतात." मग कळलं की हे त्याचं स्वतःचं, तिशीत असताना टपालाच्या फेरीवर रचलेलं. आता तिकडे गावोगावच्या बैठकींत गातात, पुस्तकांत छापतात, आणि खाली लिहितात, 'पारंपरिक'. एकदा परगावच्या बैठकीत तो स्वतः ते गात होता, तर एक गृहस्थ मध्येच थांबवून म्हणाले, "बाबा, तुम्ही चुकताय. जुनी माणसं हे कडवं असं म्हणत नसत." मी ताडकन म्हटलं, "मग तुम्ही सांगितलं नाहीत?" तो हसला. "नाही. आमच्या धंद्यात याहून मोठी बढती नाही, गुरुजी. गाणं इतकं पोचलं, की माझी गरजच उरली नाही." आणि हे तो हसून सांगत होता, पण हात त्या वाद्याचा पट्टा उगाचच सोडत-बांधत होता. तो वर गेल्यावर ही म्हणाली, "बढती कसली आलीय? त्येला वाईट वाटतंय." मी म्हटलं, त्याला अभिमान वाटतोय. आम्ही त्यावर दोन दिवस भांडलो. तिसऱ्या दिवशी त्यानेच चहा पिता पिता सांगून टाकलं, की मरायच्या आधी एकदा तरी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते गाणं आपल्या नावासकट ऐकावं, एवढी एक इच्छा आहे. म्हणजे दोघांचंही खरं होतं. मला माणसांचं हेच कळत नाही.

मला मात्र एकदम सुचलं. म्हटलं, साहेब, तुमच्या देशात सोय नसेल, आमच्यात आहे! आमच्याकडे अभंग रचणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालतो, अमुक म्हणे, तमुक म्हणे. पुस्तक फाटो, कागद कुजो, गाणं म्हणायचं तर नाव घ्यावंच लागतं. साहेब खुर्चीतून असा उठला की टेंगळावर टेंगूळ आलं. अकरा दिवस मी खपलो. बुवांना चाल ऐकवली. ते म्हणाले, "चाल लई ग्वाड हाय, पर शेवटाला पाय घसरतोय तिचा," आणि पखवाजाच्या ठेक्यावर त्यांनी तो पाय सावरून दिला. आणि साहेब परत निघण्याच्या आधीच्या गुरुवारी, दत्ताच्या देवळात, आमच्या मंडळाने ते म्हटलं:

मोजली मी सारी । घेतली वाड्यात ।
उभा अंधारात । मीच एक ॥
टॉम म्हणे बाबा । राहिलो मी मागे ।
दार ठेवा जागे । माझ्यासाठी ॥

घ्या, हे त्याचं नाव. वीस माणसांनी टाळ वाजवत तीन-तीनदा घेतलं. साहेब खांबाला टेकून, कानावर हात ठेवून बसला होता. गात नव्हता, नुसता ऐकत होता, आणि गालांवरून पाणी चाललं होतं. बायकांच्या बाजूने हिने खुणेने विचारलं, दुखतोय का परत? त्याने मान हलवली. मग उठून मला म्हणाला, "गुरुजी, मी आता जाते," आणि या वेळी मी सुधारलं नाही.

तो गेला. माझी छाती मात्र फुगली होती. जे त्याच्या अख्ख्या देशाला जमलं नाही ते एका निवृत्त मास्तराने करून दाखवलं. वर्षभराने नेऱ्याला एका नातेवाइकाकडे सप्ताहाला गेलो. मांडवात शिरतो तोच तीच चाल! मेंढरं, वाडा, अंधार, सगळं जिथल्या तिथे. मी मांडी ठोकून बसलो, शेवटचं कडवं आलं, आणि टॉमच्या जागी त्यांनी एका संताचं नाव घेतलं. कोणत्या ते सांगत नाही, उगाच वाद नको. दोन अक्षरांचं आहे, बरोबर बसतं. मी भर मांडवात उठून ओरडलो, "अहो, थांबा! नाव चुकलं!" टाळ थांबले. तिथले म्होरके, पांढऱ्या मिशांचे, शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमीच चुकताय. आमच्या पणज्यापासनं हाय ह्ये. जुनी मान्सं असंच म्हनायची." मी खाली बसलो. राग यावा की हसू, तेच कळेना. हेच वाक्य मी कुठेतरी आधी ऐकलं होतं, आणि ज्याने सांगितलं तो सात समुद्रांपलीकडे होता.

पुढे तर कहर झाला. नेऱ्याचं ते भजन कोणीतरी मोबाईलवर टिपलं, ते फिरत फिरत आमच्याच मंडळाच्या ग्रुपवर आलं, आणि आमचेच लोक संताच्या नावाने म्हणायला लागले. मी बुवांना धारेवर धरलं, "अहो, तुम्ही स्वतः पखवाज वाजवला होता ना?" बुवा डोकं खाजवत म्हणाले, "व्हय की. पर गुर्जी, ह्येच बराबर वाटतंय वो. आपन सायबाला शिकवलं आसंल ह्ये." आता बोला! क्षणभर मलासुद्धा शंका आली, इतक्या खात्रीने ते बोलले. चौकीतला तो हवालदारच एकटा शहाणा. वाहतूक झाली होती, माल पोचला होता, आणि गाडी कोणाची होती ते विचारायला कोणी थांबलं नव्हतं.

हे त्याला सांगायचं कसं? महिनाभर मी टाळलं. शेवटी एका दुपारी फोन लावला आणि सांगून टाकलं. हल्ली त्याला कमी ऐकू येतं. तेल बंद झालं म्हणून, असं हिचं मत. मला सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग त्याने विचारलं, कोणाचं नाव घातलं? मी सांगितलं, आणि तो माणूस केवढा मोठा होता तेही सांगितलं. तो खो खो हसला. "मोठी बढती, गुरुजी!" मग हसायचा थांबला, आणि बारीक आवाजात मराठीत विचारलं, "तुमी काय म्हनता?" मी म्हटलं, "मी तुमचंच नाव घेतो. सगळे काहीही म्हणोत." "एकटा?" "एकटा." तो म्हणाला, "बास. एक लई झाला. म्हना, मी ऐकते." आणि फोन ठेवला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

परवाच्या गुरुवारी पुन्हा भजन होतं. शेवटचं कडवं आलं. देऊळभर त्या संताचं नाव घुमलं, आणि त्यात मी आपला हट्टाने, घसा ताणून, "टॉम म्हणे." बुवांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून मी कानावर हात ठेवला, आणि तेव्हा मला दुसरा एक ऐकू आला. बायकांच्या बाजूने, जरा बेसूर, टाळांच्या मागे पडणारा, पण ठाम. वळून बघितलं तर ही. समोर बघून म्हणत होती, जसं काही गेलं वर्षभर तेच म्हणत आलीय. साहेबाला अजून कळवायचं राहिलंय. मी एकटा म्हणून सांगितलं होतं, ते मोजताना माझं चुकलं. आम्ही दोघं आहोत.