मेणबत्ती, पाणी आणि माझा चढलेला पारा

शाळेत सायन्स शिकवायला लागलं की किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साठतात. माझे तर सगळे एकाच प्रयोगाचे! ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. एवढ्याशा गोष्टीवरून लोकांनी माझं डोकं किती फिरवावं!

*

गाईडमधे छापलंय, ‘ऑक्सिजन जळून संपतो, त्याची जागा पाणी घेतं.’ साफ खोटं! ज्योतीनं हवा तापून फुगते, थोडी बुडबुडे होऊन बाहेर पळते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. हे मी स्टाफरूममधे तावातावानं सांगितलं. आमचे गणिताचे ढोबळे सर पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "मॅडम, बुडबुडे परीक्षेत येतात का? मंग कायले पाहता!"

*

एका पोराची आजी भांडायलाच आली. "काहो बाई, आमी ज्योत विझू नये म्हून हाताचा आडोसा करतो, अन् तुमी लेकरायले विझवाले शिकवून राह्यले?"

मी सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि जाता जाता म्हणाली, "बरं, मंग ग्लासाले एक छेद तरी पाडा!"

*

शाळेच्या प्रदर्शनात पाहुणे येणार म्हणून हेडसरांनी सकाळीच मेणबत्त्या पेटवायला लावल्या. ज्योत हलू नये म्हणून पंखे बंद. आम्ही सगळे घामानं निथळतोय. पाहुणे उगवले दुपारी, तोवर ताटल्यांत नुसतं मेण! हेडसर उलट माझ्यावरच डाफरले, "कमी जळणारी मेणबत्ती नाई भेटली का तुमाले?"

*

आता हा ऐकाच. आठवीतली प्रणाली रिठदहून सायकलवर येते. बुद्धविहारातल्या पौर्णिमेच्या वंदनेतून उरलेल्या मेणबत्त्या घेऊन तिनं घरीच करून पाहिलं. एकाच ग्लासाखाली आधी एक लावली, मग तीन. तीन लावल्या तेव्हा पाणी जास्त चढलं! ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच. हेच तिनं तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडलं. पहिली आली तर ती जिल्ह्याला, वाशीमला जाणार होती. आईनं त्यासाठी नवा ड्रेसही शिवून ठेवला होता.

परीक्षक म्हणाले, "ऑक्सिजन जळला म्हण पोरी, नंबर पक्का."

प्रणालीनं बाहेरच्या टपरीवरून गरम पाणी आणलं, ग्लास विसळला आणि तसाच ताटलीत उपडा घातला. मेणबत्ती नाही, काडी नाही. पाणी हळूहळू वर चढलं.

"सर, आता काय जळलं?"

परीक्षकांनी ग्लासाकडे पाहिलं, गाईडकडे पाहिलं आणि तिच्या नावावर आडवी रेघ मारली. "पुस्तक चुकत नसते. पाणी चुकलं असंल!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रणालीच म्हणाली,

"मंग पाण्याले नापास करा ना सर, मले काहून करता?"