टबाच्या तळाचा गाळ

सोमवार, सत्तावीस ऑक्टोबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. प्रयोगशाळेत जाण्यासाठी मी गाडीच्या काचेवरचे गोठलेले दव खरवडत होते, तेव्हा उषाकाकूंचा फोन आला. "काका गेले गं... झोपेतच." दुखणे स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे होते. ते वेदनेविना गेले, याचे समाधान मला दुःखाच्या आधी वाटले.

श्रीधरकाका अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातले निवृत्त बालरोगतज्ज्ञ. मृदारसायनातल्या पीएच.डी.साठी मी इथे आले आणि पहिली काही वर्षे त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहिले. घरामागचे लॉन त्यांनी केव्हाच काढून टाकले होते. पानगळीत शेजारी कागदी पिशव्यांत पाने भरून रस्त्याकडेला ठेवत. काका त्या उचलून आणत आणि वाफ्यांवर अंथरत. गावातल्या मराठी घरांचे निर्माल्य त्यांच्याकडे खताला येई आणि गणपतींचे विसर्जनही त्यांच्याच अंगणातल्या निळ्या टबात होई. विरघळलेल्या मूर्तींची माती पुढच्या वसंतात मेथीच्या वाफ्यात जाई, आणि त्या मेथीच्या जुड्या घरोघर पोचत. पहिला मान बाळंतिणींचा. "काका, तुमच्याकडे टाकाऊ असं काहीच नाही का?" मी एकदा विचारले. "आहे ना. तुझ्या थिसिसची पहिली दोन चॅप्टर्स."

यंदाच्या विसर्जनाला आलेली, दोन मुलांची आई गौरी, धाकट्याला कडेवर घेऊन, सहज म्हणाली, "काका, या मूर्तींच्या पेंटमध्ये लेड असतं म्हणे. मातीत उतरत नसेल ना?" तिचा थोरला टबात कोपरापर्यंत हात बुडवून "बाय बाप्पा, सी यू नेक्स्ट इयर!" ओरडत होता. काका हसले नाहीत. जुन्या घरांच्या रंगातले शिसे मुलांच्या रक्तात उतरते, हे आईबापांना समजावण्यात त्यांची उभी कारकीर्द गेली होती. मूर्ती शाडूची आहे ना, एवढे ते दरवर्षी विचारत. रंगाचे विचारायचे राहूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी मेथी उपटून कचऱ्यात टाकली आणि मला फोन केला. "पोरांना मी काय खायला घातलं, ते मला जायच्या आधी कळायला हवं."

मी मेथीच्या वाफ्यातली माती तपासायला घेतली. भाजीच्या मातीत किलोमागे शंभर मिलिग्रॅमपर्यंतचे शिसे आमची प्रयोगशाळा चालवून घेते, त्यापुढे नाही. निष्कर्ष हाती आला तोवर काकांचा पलंग दिवाणखान्यात, बागेकडच्या खिडकीशी आला होता.

"अठरा," मी म्हणाले.

"युनिट?"

"मिलिग्रॅम. किलोमागे."

"एवढं तर कुठल्याही मातीत असतं..." त्यांनी डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी सैलावली.

"झालं समाधान? आता पेज घ्या," काकू म्हणाल्या. दोन चमचे घेऊन काका पुन्हा माझ्याकडे वळले. "एका रिपोर्टवर मी कधी पेशंटला घरी सोडलं नाही. वाफ्यात माती मिसळली जाते. टबाच्या तळाचा गाळ बघ. असलंच तर तिथं सापडेल." दिलासा हवा असलेला माणूस सहसा सोयीचा नमुना निवडतो. काकांनी सर्वांत प्रतिकूल निवडला... आणि त्याचा निष्कर्ष येण्याआधीच ते गेले.

गेल्या शनिवारी गाळाच्या निष्कर्षाचा कागद घेऊन मी श्रूजबरीला गेले. टब अंगणात तसाच होता. तळाशी तडकलेला गाळ, त्यावर मेपलची पाने. काकू पायरीवर बसल्या. "मला आकडा नको. पोरांना भीती आहे का, तेवढं सांग."

"नाही, काकू. अजिबात नाही."

 काकू डोळे पुसत हसल्या. "म्हणजे मेथी फुकट फेकली! थांबा म्हणत होते मी... माझं कधी ऐकलंय?" तिथूनच त्यांनी गौरीला फोन लावला. मी खुरप्याने गाळ सोडवून बादलीत भरला आणि वसंतासाठी मेथीच्या वाफ्याशी नेऊन ठेवला.

काकांनी आकडा विचारला असता, आणि युनिटही. टबाच्या तळाचा गाळ, शिसे: किलोमागे बावीस मिलिग्रॅम.