बिनपंख्याची पेटी

मायचा डावा कान कधीचाच गेला होता. उजवा जाऊन राहिला होता. लातूरच्या कानाच्या डॉक्टरांनी त्या उजव्याला मशीन लावून दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "जे ऐकवायचं असेल ते लवकर ऐकवा." डॉक्टर लोकांना असं बोलायला कोण शिकवतं कुणास ठाऊक! लातूरहून नांदेडला येईपर्यंत मी बसमध्ये डोळे मिटून बसले होते आणि डोक्यात दादा गात होते.

दादा म्हणजे माझे वडील. निलंग्याकडच्या शाळांमध्ये मास्तर होते, आणि जयंतीच्या महिन्यात गायन पार्टी घेऊन गावोगाव जायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. घरी टेपवर भरलेल्या त्यांच्या कॅसेटी मायनं जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या होत्या. मला वाटलं, त्या सगळ्या एका स्वस्तातल्या छोट्या कॉम्प्युटरवर उतरवाव्यात. तो दिवसभर चालू ठेवायचा. माय स्वयंपाकघरात असो की अंगणात, तिच्या जवळच्या स्पीकरवर दादा गायला लागतील. याला म्युझिक सर्वर म्हणतात. आठवडाभर मी त्या कल्पनेतच तरंगत होते. फळ्यावर गणित मांडता मांडता घरभर फिरणारा तो आवाज मला ऐकू यायचा, आणि वर्गातली पोरं म्हणायची, "बाई, पुढं?"

मायला सांगितलं तर ती भडकलीच.

"सर्वर? घरात? येडी झालीस का? रेशनला गेलं की सर्वर डाऊन, बँकेत गेलं की सर्वर डाऊन. अंगठा लावून लावून माझ्या रेघा पुसल्या. त्यात ह्यांना घालून राहिलीस व्हय?"

तिनं ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. मीही तिचीच लेक, दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शब्द बदलला. म्हणाले, "सर्वर राहू दे, माय. आपण गाण्याची पेटी आणू."

मायनं कनवटीची किल्ली चाचपली. मग हळूच म्हणाली, "मला नेशील का बघायला?"

जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या एका दुकानात मी आधीच तीनदा जाऊन आले होते. मोठा डबा स्वस्त होता, पण त्याचा पंखा घुमायचा आणि विजेचं मीटर पळवणारं ते धूड दिवसरात्र कोण चालू ठेवणार? जुना लॅपटॉप बघितला, तर त्याची बॅटरी फुगलेली. आणि मायच्या मशीनची एक खोड होती. जवळची बारीक घरघर ते एवढी मोठी करायचं की माणसाचं बोलणं त्यात बुडून जायचं. म्हणून मी प्रत्येक डब्याला कान लावून बघत होते. दुकानदार वैतागून म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही कॉम्प्युटर बघायला येता का ऐकायला?"

चौथ्या वेळी मायला घेऊन गेले. ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती, केसांना तेल लावून चोपून अंबाडा घातला होता. मला गंमत वाटली. दुकानात शिरल्यावर तिनं चारी बाजूंना बघितलं.

"पेटी कुठं हाय?"

मी एका डब्याकडे बोट दाखवलं. तिचं तोंड एवढंसं झालं. "ही व्हय? मला वाटलं, पेटी. भात्याची. वाजवायची."

"तुला कुठं वाजवता येते?" मी हसून म्हणाले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

"मग कॅसेटीत कोण वाजवतंय? तुझे दादा गाऊन राहिले, आन् पेटी वाजवायला काय शेजारीण आली व्हती?"

कार्यक्रमात पेटीवर पार्टीतला माणूस बसायचा, हे मला माहीत होतं. घरी दार लावून टेप भरताना माय बसायची, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. सगळ्या जगाला मी 'दादांची कॅसेट, दादांची कॅसेट' म्हणून सांगत फिरले.

"माझं मी कधी धड ऐकलंच न्हाई," माय म्हणाली. "टेप लागला की चुलीपाशी आपलं अर्धंमुर्धं. एकदा ऐकायचंय, कान हाय तोवर. ह्या डब्यात घातलं तर येईल का ऐकू?"

"येईल."

"डाऊन न्हाई ना व्हणार?"

"हा आपल्याच घरात राहणार, माय. कुणाच्या लाईनीत उभं राहायचं नाही."

मग तिनं पदर मागं सारला आणि मशीनचा कान एकेका डब्याला लावला. "ह्यो घरघरतोय. ह्यात भुंगा हाय." शेवटी दुकानदारांनी जेवणाच्या डब्याएवढा एक काढला. त्याला पंखाच नव्हता. हळू चालतो, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. गाणी लावायला पळणारा कशाला हवा! माय बराच वेळ कान लावून वाकून राहिली.

"ह्यो गप हाय. ह्योच घे."

त्याच संध्याकाळी तिनं ट्रंकेची किल्ली दिली. पुढचे तीन रविवार मी टेपला वायर जोडून बसले. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो, घाई करून भागत नाही. कानाला हेडफोन, बाहेर पांढरं ऊन, आणि दादांच्या आवाजाखाली मायची पेटी. ते श्वास घ्यायला थांबले की ती त्यांच्यासाठी सूर धरून ठेवायची. पुढचा शब्द आला की हळूच मागं व्हायची. मी ते लहानपणापासून ऐकत आले होते आणि कधीच ऐकलं नव्हतं. मी खूप रडले, आणि मला फार सुखही वाटलं.

चौथ्या रविवारी दुपारी आवाज नको म्हणून कूलर बंद केला. घामानं अंग भिजत होतं. स्पीकर मायच्या उजव्या कानाजवळ ठेवला आणि गाणं लावलं. आधी नुसती पेटी, मग दादा. माय डोळे मिटून बसली होती. दादांनी सूर लावला तशी ती हसली. "घसा बसलाय ह्यांचा," म्हणाली.

एक कडवं झालं. दोन कडव्यांच्या मध्ये पेटी एकटीच वाजत होती, खट्याळ, भरभर. मायनं डोळे उघडले.

"बाई, पेटी कधी सुरू व्हणार?"

मी आवाज वाढवला. तिनं मान हलवली. आणखी वाढवला. दादा तिला ऐकू आले होते, पेटीचे सूर मात्र तो कान आता धरत नव्हता. पेटी माझ्या छातीत वाजत होती आणि माय माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सुरू हाय, माय," मी तिचा हात धरून म्हणाले. "लई गोड वाजवून राहिलीस."

तिनं माझे ओठ वाचले.

"मग तू ऐक," म्हणाली, आणि स्पीकर उचलून तिनं माझ्या पुढ्यात ठेवला.