भिजवलेलं खाणं

माझी थोरली बहीण उंदीर सांभाळते. मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर पिंजरे आहेत. उंदरांना खाणं घालणं, त्यांची वजनं करणं, पिंजरे धुणं हे ताईचं काम. कुणी विचारलं की मी सांगायचो, "ताई उंदरांची हेडमास्तरीण आहे." ताईही हसायची. आता मी तसं म्हणत नाही.

तिची मुलगी भिंगरी. चालायला लागली तशी घरभर गरगर फिरायची, म्हणून मीच ते नाव ठेवलं. पण लवकरच तिचे शब्द एकेक करून गेले, मग चालणंही गेलं. उरले ते दिवसभर एकमेकांत पिळत राहणारे हात. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पेशींत डीएनएला चिकटून बसणारं एक प्रोटीन हिच्यात बिघडलंय. मी इलेक्ट्रिशियन माणूस, मला ओ की ठो कळेना.

ताईनेच समजावलं. "अरे, प्रत्येक पेशीत सगळेच जीन असतात. कुठला किती वाचायचा, कुठला दाबून ठेवायचा, ते हे प्रोटीन सांभाळतं. तुझ्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखं. हिचा रेग्युलेटर गेलाय, पंखा नाही." एवढ्या एका आशेवर ती तग धरून होती. ही प्रयोगशाळा त्याच प्रोटीनवर काम करते हे कळल्यावर तिने कपड्यांच्या दुकानातली नोकरी सोडली होती.

तिथल्या उंदरांतही ते प्रोटीन नव्हतं. शेपटीला धरून उचललं की तेही पाय एकमेकांत आवळून घ्यायचे. काहींना चांगल्या जीनचं इंजेक्शन दिलं होतं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते ताईला मुद्दाम सांगत नसत. खाणं सगळ्यांना सारखंच, वरच्या जाळीत कोरड्या गोळ्या. औषधाने उंदीर जास्त जगले, तर पुढे माणसांवर चाचणी होणार होती. ताईने भिंगरीचं नाव त्यासाठी केव्हाच देऊन ठेवलं होतं.

सकाळी ती भिंगरीला दुधात भिजवलेला पाव भरवायची. दर घासाला विचारायची, "गेलं खाली?" भिंगरी पापण्या मिटायची, मग पुढचा चमचा. तिथून कामावर. आणि तिथे काही उंदरांना जाळीपर्यंत तोंडच नेता येत नव्हतं. ताईला बघवेना. तिने गोळ्या पाण्यात भिजवून गुपचूप त्यांच्या तोंडाशी ठेवायला सुरुवात केली.

शेवटी पाणी टोचलेले उंदीर औषधवाल्यांइतकेच जगले. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "औषधाचा उपयोग दिसत नाही. हे काम बंद करू या."  ताईने सगळं सांगून टाकलं. बाई ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "जे जाणार होते त्यांना तुम्ही जगवलंत. आता औषधाने काय केलं ते कसं कळणार?"

मी मात्र भडकलो. "स्वतःच्या पोरीच्या औषधावर पाणी फिरवलंस!" असं तोंडावर बोललो.

"भुकेला जीव समोर होता रे," ती म्हणाली.  राग मात्र माझ्या मनातून गेला नाही.

बाईंनी तिला काढलं नाही. उंदरांची नवी पिढी वाढवून प्रयोग पहिल्यापासून करायचा ठरला. पिढी वाढवण्यातच वर्ष गेलं, आणि तेवढ्यात भिंगरीचं गिळणं गेलं. घास फुप्फुसात उतरायला लागला, म्हणून डॉक्टरांनी पोटात नळी बसवली.

नवा प्रयोग सुरू झाला त्या सकाळी मी ताईकडे होतो. भिंगरीच्या नळीतून दूध जात होतं. ताईने सवयीने पाव भिजवला आणि वाटी हातात धरून उभी राहिली. "आज कोरडंच घालायचंय," ती म्हणाली. "कुणी मेलं तरी." 

मी वाटी घेतली आणि तो पाव खाल्ला. ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती.

"गेलं खाली?" तिने विचारलं.