मागे उभं राहून वाजवणं

मी बेस गिटार वाजवते, आणि मागे उभी राहून वाजवते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण इथे अमेरिकेत, मिनिआपोलिसजवळच्या ईडन प्रेरीतल्या आमच्या मराठी मंडळींना त्यातलं पहिलं कसंबसं पचतं, दुसरं मुळीच नाही. गणपतीच्या जेवणात एका काकूंनी मला गाठलंच. "अगं, सॉफ्टवेअरचा चांगला जॉब सोडलास, मग निदान पुढे तरी कधी येणार?" मी म्हटलं, येणार नाही. त्यांना वाटलं, मी विनय दाखवतेय. विनय माझ्यात औषधालाही नाही. दुसऱ्याचं गाणं मागून उभं ठेवणं हा माझा पेशा आहे, आणि त्यावर माझं पोट चालतं.

ज्यांच्या मागे मी वाजवते ते ब्लूज गायक आता ऐंशीच्या घरात आहेत. ब्लूजचं कडवं कागदावर बारा मापांचं असतं, प्रत्येक माप चार ठोक्यांचं. म्हाताऱ्याला कागद मान्य नाही. मनात आलं तर अकराव्या मापालाच पुढच्या कडव्याकडे वळतील, नाही तर एखादा शब्द घोळवत तेराव्यात शिरतील. मी नागपूरच्या तबलजीची मुलगी. सुरुवातीला हिशेबानं अगदी बरोबर समेवर येऊन बसायचे, आणि बघते तर तिथे मी एकटीच. त्यांनी मला सांगितलं की मोजणं पुरे, माझ्या खांद्याकडे बघ. वळण घेण्याआधी त्यांचा डावा खांदा किंचित खाली येतो. नवऱ्याचा चेहराही मी कधी इतका निरखून पाहिलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात मिनिआपोलिसच्या एका स्टुडिओत त्यांचं रेकॉर्डिंग ठरलं. बऱ्याच वर्षांनी ठरलं होतं, आणि या वयात पुढचं कोणी सांगावं. तिथला तरुण प्रोड्यूसर मला बाजूला घेऊन म्हणाला की म्हातारा आता भरकटतो, विसरतो. तू कानात ठोके देणारा मेट्रोनोम लावून सरळ बारा मापं वाजव, त्यांचा आवाज मी नंतर कापून त्यावर बसवीन. तू तर इंजिनियर आहेस, तुला कळेल, असंही वर.

माझं डोकंच फिरलं. एका माणसाचं आयुष्यभराचं गाणं हा कापडासारखं बेतणार, आणि कात्री मी धरायची? मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"ते भरकटत नाहीत," मी म्हणाले. "पटत नसेल तर दुसरा बेसवाला बोलाव."

बरीच हुज्जत झाली. शेवटी एक टेक आमच्या पद्धतीनं घ्यायचं ठरलं. त्यात काही बिघडलं तर मेट्रोनोम, आणि मग मी घरी.

पहिली दोन कडवी झकास गेली. तिसऱ्यात शेवटच्या ओळीआधी ते थांबले. बारा मापं झाली, तेरा झाली, तरी खांदा खाली येईना. ड्रमर माझ्याकडे बघायला लागला. काचेपलीकडे प्रोड्यूसरचा हात रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणाकडे सरकला. मी तोच सूर धरून ठेवला, उलट जरा ठासूनच, जणू हे सगळं असंच बसवलेलं आहे. मग केव्हातरी खांदा उतरला आणि ओळ आली. अशी आली की प्रोड्यूसरचा हात तिथेच राहिला. रेकॉर्डवर ती थांबण्याची जागा जशीच्या तशी आहे, आणि लोक नेमकी तीच परत परत ऐकतात.

परतताना गाडी मी चालवत होते. ते शेजारी बसून खिडकीबाहेरचा बर्फ बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "मघाशी मला शब्द खरंच आठवत नव्हते."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मला कुठे घाई होती?"